स्थलांतर नव्हे, प्रतिसंस्कार

ज्या आयुर्वेद महाविद्यालयांनी, रुग्णालयांनी व रसशाळांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपला कागदोपत्री व्यवहार संगणकावर आणला, त्यांच्यापुढे आज एक अवघड प्रश्न उभा आहे. ज्या प्रणालीवर हा व्यवहार उभारला ती जुनी झाली, तिची नवी आवृत्ती आली, आणि जुन्या प्रणालीवर खास आपल्यासाठी करवून घेतलेल्या सोयी नव्या आवृत्तीत जशाच्या तशा चालत नाहीत. हा प्रश्न संगणक-अभियंत्याचा आहे असे समजून वैद्यवर्ग बहुधा त्यापासून दूर राहतो. आमच्या मते तो प्रथम वैद्याचा आहे. कारण त्या सोयींच्या पोटात रुग्णांची निदाने, चिकित्सा आणि औषधनिर्मितीच्या नोंदी साठलेल्या आहेत. त्या नोंदींचे काय करावयाचे, याविषयी आमची भूमिका येथे मांडत आहोत.

उदाहरणादाखल आम्ही मायक्रोसॉफ्टची 'शेअरपॉइंट' ही प्रणाली घेत आहोत. एकाच संस्थेतील अनेकांनी मिळून कागदपत्रे ठेवावीत, याद्या राखाव्यात, अर्ज भरावेत व मंजुऱ्या द्याव्यात यासाठी ही प्रणाली आहे. तिची पहिली आवृत्ती इ. स. २००१ मध्ये निघाली. पुढे २००३, २००७, २०१०, २०१३, २०१६ आणि २०१९ अशा आवृत्त्या येत गेल्या, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये 'सबस्क्रिप्शन एडिशन' आली. याखेरीज कंपनीच्या केंद्रावरून चालणारी ऑनलाइन सेवा निराळी. प्रणाली मूळ स्वरूपात सर्वांसाठी सारखीच असते. परंतु आपल्या केसपेपरात दशविध परीक्षेचे रकाने हवेत, पंचकर्माचे संमतिपत्र विभागप्रमुखांकडे जाऊन मगच भांडाराकडे मागणी जावी, रसशाळेतील प्रत्येक घाणीची नोंद गुणनियंत्रण विभागाच्या स्वाक्षरीवाचून पुढे सरकू नये, अशा आपल्या खास गरजा असतात. त्यासाठी कोणाकडून तरी जादा आज्ञावली लिहून घेतली जाते. तिलाच व्यवहारात 'कस्टम सोल्युशन' म्हणतात.

मूळ प्रणाली नवी होते तेव्हा अशा सोयींचीच अडचण होते. प्रणाली बदलते ती तिच्या निर्मात्याच्या सोयीने. आपली जादा आज्ञावली मात्र जुन्या रचनेला धरून लिहिलेली असते. २०१० ची आवृत्ती सोडून २०१३ च्या आवृत्तीत जाताना हे स्पष्ट दिसले. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने एक सवलत ठेवली होती. नव्या प्रणालीत जुन्या घटकांसाठी '१४' आणि नव्या घटकांसाठी '१५' क्रमांकाचे असे दोन फोल्डर होते. एखाद्या विभागाचे पान काही काळ जुन्या रूपात चालू ठेवता येई. मात्र कस्टम सोल्युशन बसविताना ते जुन्या रूपासाठी आहे, नव्या रूपासाठी आहे की दोहोंसाठी, हे सांगावे लागे. २०१६ च्या आवृत्तीत जाण्यापूर्वी सर्व विभाग नव्या रूपात आणणे अनिवार्य झाले. ज्यांनी मधला काळ तयारीसाठी वापरला त्यांना त्या सवलतीचा लाभ झाला. ज्यांनी तो काळ निश्चिंतपणे घालविला त्यांची अडचण पुढे ढकलली गेली, इतकेच.

आता मुदतींकडे पाहावे. २०१० च्या आवृत्तीला निर्मात्याकडून मिळणारा आधार १३ एप्रिल २०२१ रोजी आणि २०१३ च्या आवृत्तीला मिळणारा आधार ११ एप्रिल २०२३ रोजी संपला. २०१६ व २०१९ या आवृत्त्यांसाठी कंपनीने १४ जुलै २०२६ ही अखेरची तारीख ठरविली. संगणकावर भरावयाचे अर्ज ज्या 'इन्फोपाथ'मध्ये तयार केले जात, त्याची २०१३ ची आवृत्ती शेवटचीच ठरली. तिच्यासाठीही हीच तारीख जाहीर झाली. मंजुरीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर नेणारी जी व्यवस्था, म्हणजे 'वर्कफ्लो', तिचा २०१० च्या पद्धतीचा प्रकार ऑनलाइन सेवेतून १ नोव्हेंबर २०२० पासून मागे घेण्यात आला, आणि २०१३ च्या पद्धतीच्या प्रकारासाठी २ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. आधार संपला म्हणजे प्रणाली त्याच दिवशी बंद पडते असे नव्हे. परंतु तिच्यातील सुरक्षेची छिद्रे बुजविणे थांबते. आणि रुग्णांची माहिती छिद्रे असलेल्या घरात ठेवणे कोणत्याही वैद्याला शोभणारे नाही.

अशा वेळी दोन टोकांची मते ऐकू येतात. 'आहे तसे उचलून नव्या जागी ठेवा. सवयीत बदल नको,' असे एक पक्ष म्हणतो. 'जुने सगळे मोडीत काढा, नवे घ्या आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करा,' असे दुसरा पक्ष म्हणतो. पहिल्या पक्षाचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्याच टिकत नाही. संस्थेच्या सर्व्हरवर बसविलेली जुन्या पद्धतीची सोल्युशने ऑनलाइन सेवेत मुळी बसवताच येत नाहीत. आणि सबस्क्रिप्शन एडिशनमध्ये ती बसविता आली तरी नीट चालतात की नाही हे तपासूनच पाहावे लागते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक घातक आहे. कारण कोरी पाटी म्हणजे अनेक वर्षांच्या रुग्णनोंदींवर पाणी सोडणे होय.

आयुर्वेदाच्या परंपरेत या दोहोंहून निराळा असा एक मार्ग आहे आणि त्याला आपल्याकडे नावही आहे : प्रतिसंस्कार. अग्निवेशाचे तंत्र चरकाने प्रतिसंस्कृत केले. पुढे त्यातील काही भाग उपलब्ध होईना, तेव्हा दृढबलाने चिकित्सास्थानातील १७ अध्याय आणि कल्पस्थान व सिद्धिस्थान यांतील प्रत्येकी १२, असे एकूण ४१ अध्याय पूर्ण केले. १२० अध्यायांच्या संहितेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आज आपल्या हाती आहे तो यामुळे. प्रतिसंस्कर्त्याचे काम नक्कल करणे नव्हे. जे त्रोटक आहे ते विस्ताराने सांगणे, जे पाल्हाळिक आहे ते आटोपशीर करणे, आणि असे करताना मूळ सिद्धान्ताला धक्का न लावणे, हे ते काम. दृढबलाची आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. आपण कोणता भाग पूर्ण केला हे त्याने ग्रंथातच नमूद करून ठेवले. प्रणाली बदलणाऱ्या संस्थांनी हीच शिस्त पाळावी, असे आमचे मत आहे.

या शिस्तीची पहिली पायरी म्हणजे यादी. संस्थेत आज कोणती कस्टम सोल्युशने आहेत, ती कोण वापरते, किती वेळा वापरते, कोणी लिहिली आणि तिची मूळ आज्ञावली कोणाच्या हाती आहे, हे कागदावर यावे. ही यादी तंत्रज्ञाने एकट्याने करू नये. प्रणालीत काय आहे हे त्याला कळते. ते कशासाठी आहे हे वैद्याला, परिचारिकेला आणि भांडारपालाला कळते. यादी झाली की प्रत्येक सोयीची वाट ठरवावी. काही सोयी नव्या आवृत्तीत मुळातच उपलब्ध असतात. मोबाइलवर पाने नीट दिसावीत म्हणून पूर्वी जी खास मांडणी करून घेतली जाई, तिची गरज २०१९ च्या आवृत्तीपासून व ऑनलाइन सेवेत मिळणाऱ्या नव्या धर्तीच्या पानांमुळे उरत नाही. अशा सोयी आदरपूर्वक निवृत्त कराव्यात. काही सोयी आवश्यक असतात, पण नव्या साधनांनी पुन्हा उभाराव्या लागतात. अर्ज आणि मंजुरीचे प्रवाह बहुधा याच गटात येतात. काही सोयींचा वापर संपलेला असतो, तरी त्यांतील नोंदी अमोल असतात. तेथे सोय सोडावी आणि नोंद राखावी.

दुसरी पायरी नोंदींची. इन्फोपाथमध्ये भरलेला प्रत्येक अर्ज हा एक 'एक्सएमएल' दस्त असतो. म्हणजे इन्फोपाथ गेले तरी त्यातील मजकूर वाचता येतो, ही दिलासा देणारी गोष्ट. परंतु कोणत्या रकान्याचा अर्थ काय, हे अर्जाच्या मूळ साच्यावरूनच नीट कळते. तो साचा जपला नाही तर 'न ३' किंवा 'ब २' अशा रकान्यांत नाडी कोणती आणि बल कोणते हे ओळखणे दुरापास्त होते. शिवाय अर्जात जोडलेली छायाचित्रे त्याच दस्तात गूढ अक्षरमालेच्या रूपाने दडलेली असतात. कुष्ठाच्या रुग्णाचे चिकित्सेपूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र हा आपल्या शास्त्राचा पुरावा होय. ती छायाचित्रे बाहेर काढून स्वतंत्र ठेवावी लागतात, आणि हे काम आपण सांगितल्याखेरीज कोणी करीत नाही.

येथे मराठी नोंदींचा प्रश्न वेगळा सांगावयास हवा. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉण्टांत टंकित होई. त्या फॉण्टांत पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी संगणकाच्या पोटात रोमन अक्षरेच साठत असत. नव्या प्रणालीत तो फॉण्ट नसेल तर निदानाच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग दिसते, आणि शोध घेतल्यास 'आमवात' हा शब्द हजार केसपेपरांत असूनही एकही सापडत नाही. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या आहेत. पण ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे यांत त्या अडखळतात, कारण जुन्या फॉण्टांत इकार व्यंजनाच्या आधी टंकला जाई व युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर येतो. 'कर्ष' या मानातील रफार गळाला तर उरतो तो शब्द कोणत्याच मानाचा नव्हे. यास्तव रूपांतरित नोंदींपैकी काही नोंदी वैद्याने मूळ नोंदींशी प्रत्यक्ष ताडून पाहाव्यात. मात्रेचे रकाने तर सर्वच्या सर्व पाहावेत.

तिसरी पायरी कर्त्याची आणि कालाची. नोंदी हाताने एका जागेवरून दुसऱ्या जागी नेल्या तर प्रत्येक नोंदीवर ती नेणाऱ्याचे नाव आणि नेल्याची तारीख चढते. पाच वर्षांपूर्वी एका वैद्याने लिहिलेला केसपेपर मग आजच्या तारखेला संगणक-लिपिकाने लिहिल्यासारखा दिसतो. संमतिपत्रांच्या आणि रसशाळेतील उत्पादन-नोंदींच्या बाबतीत हा केवळ सौंदर्याचा दोष नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील अनुसूची 'टी'नुसार उत्पादनाच्या नोंदी राखणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि ज्या नोंदीचा कर्ता व काल विश्वसनीय नाही ती पुरावा म्हणून लंगडी पडते. स्थलांतरासाठी असलेली योग्य साधने वापरली तर मूळ नाव व तारीख राखता येते. ही अट करारपत्रात लिहून घ्यावी. अर्धवट असलेल्या मंजुऱ्याही लक्षात ठेवाव्यात. गुणनियंत्रणाच्या स्वाक्षरीसाठी थांबलेली घाणी नव्या प्रणालीत आपोआप त्याच टेबलावर उभी राहत नाही. चालू असलेले प्रवाह जुन्या जागीच पूर्ण करून घ्यावेत, मगच हलावे.

चौथी पायरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, गोपनीयतेची. जुन्या सोल्युशनमध्ये 'हा केसपेपर केवळ चिकित्सक वैद्य व विभागप्रमुखांनी पाहावा' असा नियम पुष्कळदा त्या जादा आज्ञावलीतच लिहिलेला असतो. नोंदी नव्या जागी गेल्या व आज्ञावली मागे राहिली, तर नियमही मागे राहतो. मग वंध्यत्वाची, मानसरोगाची किंवा गुप्तरोगाची केस भांडारातील लिपिकालाही उघडता येते. कोणी मुद्दाम कागद फोडलेला नसतो, तरी रुग्णाचा विश्वास फुटलेला असतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. कायदा नसता तरी वैद्याचे कर्तव्य बदलले नसते. नव्या प्रणालीचे उद्घाटन करण्यापूर्वी शिपायापासून अधिष्ठात्यापर्यंत प्रत्येक भूमिकेच्या नावाने प्रवेश करून कोणाला काय दिसते हे पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

बदल एका रात्रीत करावा की क्रमाने, असा प्रश्न विचारला जातो. सवयीचे झालेले अपथ्य एकदम न सोडता पादांशाने सोडावे आणि पथ्य तसेच क्रमाने अंगी लावावे, हा उपदेश चरकाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात आहे. प्रणाली बदलताना हा क्रम तितकाच उपयुक्त आहे. प्रथम एका विभागाने, उदाहरणार्थ ग्रंथालयाने, नव्या जागी जावे. तेथे रुग्णाच्या जिवाशी संबंध नसतो. नंतर भांडार, त्यानंतर बाह्यरुग्ण विभाग आणि शेवटी आंतररुग्ण विभाग व पंचकर्म. प्रत्येक टप्प्यानंतर जुनी प्रणाली काही काळ केवळ वाचनासाठी उघडी ठेवावी. दोन्हींकडे लिहिण्याची मुभा मात्र देऊ नये. अन्यथा एकाच रुग्णाचे दोन इतिहास तयार होतात आणि कोणता खरा हे ठरविणे कठीण होते.

प्रतिसंस्कारात त्रोटक भागाचा विस्तारही येतो, हे वर म्हटलेच आहे. आपल्या जुन्या अर्जांत निदानाचा रकाना बहुधा मोकळा असे. कोणी 'संधिवात' लिही, कोणी 'संधिगत वात', कोणी आधुनिक नाव लिही. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये 'नमस्ते' पोर्टलद्वारे आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधींच्या प्रमाणित संज्ञा व संकेतांक उपलब्ध करून दिले. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-११' या वर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग नवी दिल्लीत प्रसृत झाला. त्यात याच तीन पद्धतींतील व्याधींना स्थान आहे. अर्ज नव्याने बांधावयाचाच आहे, तर निदानाच्या रकान्याशेजारी या दोन्ही संकेतांकांना जागा द्यावी. वैद्याच्या शब्दांतील निदान मात्र काढून टाकू नये. संकेतांकाने रुग्णांची मोजदाद होते, पण संप्राप्ती वैद्याच्या वाक्यातच कळते.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, वैद्याने रुग्ण पाहावेत की अर्जांचे रकाने? वेळेची अडचण आम्हांस मान्य आहे. परंतु तंत्रज्ञ सांगितले तेवढेच नेतो, आणि काय न्यावे हे सांगणारा कोणी नसेल तर जे सोपे तेवढेच नेले जाते. विभागातील एका वैद्याने आठवड्यातून दोन तास दिले तरी पुढील अनेक वर्षांचा अनर्थ टळतो. दुसरा आक्षेप असा की, अशी खास सोय करवून घेण्याऐवजी शासकीय वा तयार रुग्णालय-प्रणाली का स्वीकारू नये? काही संस्थांसाठी तेच योग्य ठरेल. मात्र कोठेही जावयाचे झाले तरी यादी, नोंदी, कर्ता-काल आणि गोपनीयता या चार पायऱ्या चुकत नाहीत. घर कोणते घ्यावे याविषयी मतभेद असू शकतात. सामान मोजून न्यावे याविषयी नसावेत.

पुढच्या वेळची तयारीही आताच व्हावी, कारण आजची नवी आवृत्ती उद्या जुनी होणारच. खास सोयी शक्य तितक्या कमी व साध्या ठेवाव्यात. जी करवून घ्यावी तिची मूळ आज्ञावली आणि तिचे लेखी वर्णन संस्थेच्या ताब्यात असावे. ते हाती पडेपर्यंत अखेरचे देयक चुकते करू नये. कोणता रकाना बदलला, कोणता गाळला व कोणता नव्याने घातला, हे दृढबलाप्रमाणे नमूद करून ठेवावे. संघटनेने एक समिती नेमून केसपेपराचा सर्वमान्य नमुना तयार करावा आणि तो सभासदांना विनामूल्य द्यावा. म्हणजे प्रत्येक संस्थेला तीच वाट एकट्याने चालावी लागणार नाही. येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवला जावा, अशी आमची मागणी आहे.

आपल्या संहिता टिकल्या त्या भूर्जपत्र किंवा ताडपत्र अविनाशी होते म्हणून नव्हे. पत्र जीर्ण होण्यापूर्वी कोणीतरी ते समजून-उमजून नव्या पत्रावर उतरविले, म्हणून टिकल्या. आपल्या रुग्णालयांतील नोंदी त्या योग्यतेच्या नसतील. पण ज्या रुग्णांनी आपल्या व्याधीचा वृत्तान्त विश्वासाने आपल्या स्वाधीन केला, त्यांच्यापुरत्या त्या तितक्याच मोलाच्या आहेत. त्या जपण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवू नये, एवढीच सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती.